एड्स : रोग, भीती आणि आपण

दरवर्षी १ डिसेंबर हा दिवस जगभर 'जागतिक एड्स दिन' म्हणून पाळला जातो. १९८८ साली त्याची सुरुवात झाली. आपल्या महाविद्यालयातही त्या दिवशी रेड रिबन क्लब व राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने प्रभातफेरी निघते. गेल्या वर्षी त्या फेरीत मी पहिल्या रांगेत होते. माझ्या हातात फलक होता व त्यावर लिहिले होते, 'एच.आय.व्ही.बाधितांना आधार द्या, अंतर देऊ नका.' चौकात आम्ही घोषणा दिल्या, शपथ घेतली, लोकांच्या छातीवर लाल फिती लावल्या आणि एक चांगले काम केल्याच्या समाधानात मी संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतले.

घरी आले तेव्हा ओट्यावर शेजारची आक्का बसली होती. आईने चहा केला. आम्हा सर्वांना स्टीलच्या कपांतून चहा मिळाला. आक्काला मात्र फडताळाच्या खालच्या कप्प्यातून काढलेल्या, कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपातून. चहा पिऊन झाल्यावर आक्काने तो कप स्वतःच विसळला व बाजूला पालथा घातला. हे काही त्या दिवशीच घडले असे नाही. गेली सात वर्षे हेच चालले होते. परंतु त्या दिवशी मला ते प्रथमच दिसले. सकाळी ज्या तोंडाने मी चौकात घोषणा दिल्या, त्याच तोंडाने मला घरात आईला एक प्रश्न विचारता आला नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नातून जन्माला आला आहे. तो मी आक्काच्या संमतीने लिहीत आहे. तिचे नाव मी लिहिणार नाही, आणि तिची ओळख पटेल अशा काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. तसे का केले, याचा उलगडा पुढे होईल.

एक कागद

२०१७ साली मी सहावीत होते. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलेले नाही. त्यामुळे इंग्रजीची चार अक्षरे लावता येणारी म्हणून मला आळीत फार मान होता. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, विजेचे बिल किती आले, बँकेचा कागद कशाचा, हे सारे माझ्याकडून वाचून घेतले जाई व मीही मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवीत असे.

आक्काचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणत असू, त्या वर्षी सतत आजारी असत. ताप उतरत नव्हता, वजन घटत चालले होते. शहरात कोठेतरी त्यांचे रक्त तपासले गेले. जेथे तपासणी झाली तेथे कोणी काही समजावून सांगितले नाही, कागद तेवढा हातात ठेवला. तो कागद घेऊन आक्का आमच्या अंगणात आली. "ह्यात काय लिवलंय बघ गं बाय," ती म्हणाली. अंगणात तेव्हा शेंगा फोडायला पाच-सहा बायका बसल्या होत्या.

मी मोठ्याने वाचले, "एच. आय. व्ही. पॉझिटिव्ह." आणि वाचून थांबले नाही, तर अर्थही सांगितला. शाळेत आम्हाला शिकवले होते की पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. म्हणून मी म्हणाले, "आक्का, चांगलं आलंय." आक्काने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळपर्यंत त्या शब्दाचा खरा अर्थ आळीत सर्वांना कळला होता. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत आक्काला, "तुझं दळण शेवटी," असे सांगण्यात आले. नळावर बायका तिच्यापासून चार पावले सरकून उभ्या राहू लागल्या. तिच्या मुलाला शाळेत खिचडी वाढताना निराळे बसवू लागले. आणि आमच्या फडताळात तो कप वेगळा झाला.

हा विषाणू करतो काय?

आज मला ठाऊक असलेली माहिती त्या दिवशी अंगणातल्या एकीला जरी असती, तरी पुष्कळ काही टळले असते. म्हणून ती येथे थोडक्यात देते.

एच.आय.व्ही. हा एक विषाणू आहे, तर एड्स ही त्या विषाणूमुळे पुढे येणारी अवस्था आहे. दोन्ही एकच नव्हेत. आपल्या रक्तात सी.डी.४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी लढण्याचे काम त्यांच्यामार्फत चालते. हा विषाणू नेमका या पेशींतच शिरतो, तेथे आपल्या प्रती तयार करतो व त्या पेशींचा नाश करतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे ५०० ते १५०० सी.डी.४ पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या म्हणजे एड्सची अवस्था आली असे समजतात. मग एरवी किरकोळ वाटणारा आजारही जीवघेणा ठरतो. आपल्या देशात अशा रुग्णांना सर्वांत अधिक गाठणारा आजार म्हणजे क्षयरोग. उपचार न घेतल्यास लागण झाल्यापासून एड्सपर्यंत पोहोचण्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. या काळात माणूस दिसायला अगदी धडधाकट असतो, त्यामुळे चेहरा पाहून कोणालाही लागण ओळखता येत नाही.

हा विषाणू पसरण्याचे मार्ग मोजून चार आहेत. एक, निरोध न वापरता आलेला असुरक्षित शरीरसंबंध. दुसरा, दूषित रक्त शरीरात जाणे. तिसरा, दूषित सुया व सिरिंज. चौथा, आईकडून बाळाला, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. पाचवा मार्ग नाही. एका ताटात जेवणे, एका कपातून पिणे, हात हातात घेणे, मिठी मारणे, एक संडास वापरणे, खोकणे, शिंकणे यांपैकी कशानेही तो पसरत नाही. लाळ, घाम व अश्रू यांतूनही नाही.

पुष्कळजण विचारतात, मग डासाचे काय? डास एकाचे रक्त पितो आणि दुसऱ्याला चावतो, हे खरे. परंतु चावताना डास आधी प्यायलेले रक्त आपल्या अंगात सोडीत नाही, स्वतःची लाळ सोडतो. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढून त्या लाळेत येतो. एच.आय.व्ही. डासाच्या शरीरात वाढूच शकत नाही, तेथे तो नष्ट होतो. तसे नसते तर ज्या घरात एकाला लागण, त्या घरातल्या लेकराबाळांनाही झाली असती. तसे कोठेही घडलेले नाही.

भीतीचा इतिहास

या रोगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विज्ञान जसजसे पुढे गेले, तसतशी भीती मागे हटली नाही.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू शोधून काढण्यात आला. त्याबद्दल फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्युक मॉन्तान्ये या शास्त्रज्ञांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मात्र, 'हा रोग परदेशातला, आपल्या संस्कृतीत तो येणार नाही,' अशी समजूत होती. ही समजूत दोन स्त्रियांनी खोटी ठरवली. त्या वेळच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन अध्यापन करीत. त्या माहेरच्या गायतोंडे. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ साली प्रबंधासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. नमुने ठेवण्याची पुरेशी सोय नसल्याने ते आपल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेऊन तपासले. त्यांतील सहा नमुन्यांत विषाणू आढळला. आपल्या देशातील ही पहिली नोंद एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून झाली, याचे आपण विद्यार्थ्यांनी विशेष स्मरण ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचे आहे. डॉमिनिक डिसूझा नावाचा एक तरुण नियमित रक्तदान करीत असे. १९८९ साली त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. तेव्हा त्याला औषध मिळाले नाही, धीर मिळाला नाही. घरी पोलीस आले. तेथील तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवण्यात आले. रक्तदानासारखे पुण्यकर्म करणाऱ्या माणसाची ही अवस्था! त्याची आई ल्युसी डिसूझा या मुलासाठी उच्च न्यायालयात गेल्या. सुटून आल्यावर डॉमिनिकने आपल्यासारख्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारण्यास पुढाकार घेतला. १९९२ साली त्याचे निधन झाले.

ज्यांना समाजाने सर्वांत अधिक दोष दिला, त्यांनीच काम उभे केल्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी आपापसात निरोध वाटले, एकमेकींना माहिती दिली व पुढे 'वॅम्प' ही स्वतःची संघटना बांधली. उपदेश करणाऱ्यांपेक्षा त्यांनी जास्त जीव वाचवले असतील, असे मला वाटते.

औषध होते, तरी

आता मी या लेखातील सर्वांत कठीण भागाकडे वळते.

या विषाणूचा शरीरातून समूळ नाश करणारे औषध अद्याप सर्वसामान्यांच्या हाती आलेले नाही. परंतु त्याला वाढू न देणारी औषधे आहेत. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मरणाच्या दारातून माणसे परत येऊ लागली. ती औषधे तेव्हा अतिशय महाग होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी ती दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली व साऱ्या जगाचे चित्र पालटले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. २०१७ सालापासून तर लागण आढळली की पेशींची संख्या कितीही असो, लगेच उपचार सुरू करावेत असे धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसातून एक गोळी पुरते. नियमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतके कमी होतात की तपासणीतही दिसत नाहीत. ते तसेच कमी राहिले तर शरीरसंबंधातून त्याच्यापासून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर स्त्रीने वेळेवर उपचार घेतले तर बाळ बहुधा लागणीवाचून जन्मते.

म्हणजे २०१७ साली, जेव्हा मी तो कागद वाचला, तेव्हा दाजींसाठी औषध होते, तेही मोफत. तालुक्याच्या गावापासून ते फार दूरही नव्हते. तरी दाजी २०१९ साली क्षयरोगाने गेले.

का गेले? आक्का सांगते, दाजी दोनदा ए.आर.टी. केंद्रावर गेले. दुसऱ्या खेपेस रांगेत गावातला एक ओळखीचा माणूस दिसला. दाजी तोंडाला उपरणे गुंडाळून माघारी फिरले ते पुन्हा गेलेच नाहीत. गावात आधीच सर्वांना कळले होते, मग लपवायचे काय उरले होते, असे आपण म्हणू. पण अंगणातून सरकलेली चार पावले त्यांनी पाहिली होती. आणखी सरकलेली त्यांना पाहवणार नव्हती. विषाणूवर औषध होते. चार पावले मागे सरकणाऱ्यांवर नव्हते. आणि त्या सरकण्याची सुरुवात एका मुलीने मोठ्याने वाचलेल्या दोन शब्दांनी झाली होती, हे मी विसरू शकत नाही.

कलंकाने रोग आटोक्यात राहतो, लोक जपून वागतात, असे म्हणणारे काही सुशिक्षितही मला भेटले. खरे तर उलट होते. कलंकाच्या भीतीने माणूस तपासणीच करीत नाही. तपासणी नाही म्हणून उपचार नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणून नकळत तो रोग दुसऱ्याला देतो. आज देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत व राज्यांत त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. यांतील जे अजून तपासणीला आलेले नाहीत, त्यांना अडवणारी गोष्ट पैसा नव्हे, तर लाज आहे.

दाजींना लागण कशी झाली, असे मला पुष्कळांनी विचारले. वाचकांच्याही मनात तो प्रश्न आला असेल. मी त्याचे उत्तर लिहिणार नाही. हिवतापाच्या रोग्याला, 'तुला डास कोठे चावला आणि तू तेथे का गेला होतास,' असे आपण विचारीत नाही. त्याला कोयनेल देतो. या एकाच रोगात आपल्याला आधी चारित्र्याचा दाखला लागतो.

कायदा काय म्हणतो?

या बाबतीत न्यायालयाने व संसदेने समाजाच्या पुढे पाऊल टाकले आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की एखादा कामगार काम करण्यास सक्षम असेल व त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येत नाही. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्यानुसार नोकरी, शिक्षण, दवाखाना, भाड्याचे घर यांत अशा व्यक्तीबाबत भेदभाव करता येत नाही. तिला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तिच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. तसेच तिच्या आजाराची माहिती गुप्त राहणे हा तिचा हक्क मानला आहे.

गुप्ततेचे ते कलम प्रथम वाचले तेव्हा मला आमचे अंगण आठवले.

पुन्हा तो कप

१ डिसेंबरनंतर चार दिवसांनी मी आईला विचारले, "आई, आक्काचा कप अजून वेगळा का?" आई चूल फुंकत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तूच तर वाचलं हुतंस."

मला उत्तर सुचले नाही. आईने द्वेषाने काही केले नव्हते. शिकलेल्या मुलीने वाचलेल्या कागदावर तिने विश्वास ठेवला होता, इतकेच. त्यानंतर कोणी तिला दुसरे काही वाचून दाखवलेच नव्हते. मग मी तिच्याजवळ बसून चार मार्ग सांगितले, डासाचे सांगितले, गोळीचे सांगितले. आईने एकच विचारले, "मग त्या पोराला शाळंत निराळं बसवलं, त्ये उगाचंच?" मी म्हणाले, "उगाचच." आई बराच वेळ गप्प होती.

दुसऱ्या दिवशी मी आक्काकडे गेले. दाजी गेल्यावर तिची व मुलाची तपासणी झाली. मुलाला लागण नाही, आक्काला आहे. ती गेली सहा वर्षे रोज रात्री नऊच्या ठोक्याला गोळी घेते, एकही चुकवलेली नाही. शेतमजुरीला जाते. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तू ल्हान हुतीस. ज्यांनी कागूद दिला त्यांनी सांगाय पायजे हुतं." लिहू का, असे विचारल्यावर म्हणाली, "लिही की. पर माझं नाव नगं. लाज म्हणून न्हवं बरं का. पोराचं लगीन हाय अजून." कायद्याने गुप्ततेचा हक्क का दिला असावा, हे तिने एका वाक्यात सांगितले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आक्का घरी आली तेव्हा आईने तिला आमच्यासारख्याच स्टीलच्या कपातून चहा दिला. आक्काने कपाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. चहा झाल्यावर आक्का सवयीप्रमाणे कप विसळायला उठली, तेव्हा आई म्हणाली, "असू दे, मी घासते."

आपण काय करावे?

मित्रमैत्रिणींनो, आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेले, पुष्कळजण आहेत. गावातले कागद आपल्याकडे वाचायला येतात. ही मोठी जबाबदारी आहे, हे मी फार उशिरा शिकले. म्हणून माझी विनंती आहे की कोणाचा दवाखान्याचा कागद हाती आला तर आधी दार लोटून घ्या, मग वाचा. जे समजत नाही त्याचा अर्थ मनाने सांगू नका. त्या माणसाबरोबर सरकारी दवाखान्यातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जा. त्या केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. तेथे तपासणी मोफत होते व माहिती गुप्त राहते. लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या तपासणीत ती दिसत नाही, म्हणून समुपदेशक सांगतील त्याप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते, हेही सांगा. कोणाला तेथवर जाण्याचे धैर्य नसेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक द्या. आणि तपासणी ही फक्त 'तशा' लोकांनी करावयाची गोष्ट आहे, असे चुकूनही बोलू नका.

येत्या १ डिसेंबरला मी पुन्हा प्रभातफेरीत जाणार आहे. फलकही धरीन. पण त्याच्या आदल्या दिवशी आमच्या आळीतल्या बायकांना आमच्याच अंगणात बोलावणार आहे. शेंगा फोडता फोडता, या वेळी नीट समजावून सांगणार आहे. आक्काचे नाव त्यात येणार नाही. ती मात्र येणार म्हणाली आहे.

(द्वितीय वर्ष, कला)